सासूबाईंची दहावी आणि उणे सतरा रोडगे

माझे वडील अमरावतीला गणिताचे मास्तर होते आणि मला दहावीत गणितात छत्तीस मार्क पडले. यातलं पहिलं सगळ्यांना माहीत असतं, दुसरं कोणी विचारत नाही. लग्न ठरताना वडिलांच्या नावापुढे ‘निवृत्त गणित शिक्षक’ असं लिहिलेलं होतं, तेवढ्यावर सासरच्यांनी मला गणितात हुशार ठरवून टाकलं. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या वकिलांच्या घरात मी सून म्हणून आले ती ही कीर्ती घेऊनच. मी ती कधी खोडली नाही. फुकट मिळालेली कीर्ती कोण खोडतं?

घरात आम्ही चौघं. नवरा रेल्वेत, बडनेऱ्याला नोकरी; सकाळी गाडीने जायचा, संध्याकाळी गाडीने यायचा आणि आल्यावर घरात काय चाललंय ते त्याला जेवणाच्या ताटापुरतंच दिसायचं. सासरे, म्हणजे मामाजी, वकिली सोडून बसलेले, पण उलटतपासणीची खोड न सुटलेली. आणि सासूबाई. त्या तेल्हाऱ्याकडच्या, कपाशीवाल्या शेतकरी घरातल्या. बोलणं एकदम रोखठोक. माझ्या पहिल्या पोळीकडे बघून त्या म्हणाल्या होत्या, “हा अमरावतीचा नकाशा हाये काय?”

मामाजींना एक अभिमान होता. घरी पाहुणा आला, की चहाचा कप खाली ठेवण्याआधी ते सांगायचे, “आमच्या हिने त्या काळात, खेड्यात राहून दहावी केली बरं का.” हे ऐकलं की सासूबाई उठून स्वयंपाकघरात जायच्या. मला वाटायचं, लाजतात. मागल्या गणपतीत गल्लीतल्या मंडळाने ‘जुन्या काळातल्या शिकलेल्या महिलांचा सत्कार’ ठेवला आणि मामाजींनी परस्पर नाव देऊन टाकलं. सत्काराच्या दिवशी सासूबाईंना अचानक चक्कर आली. पाहुणे गेले, नारळ-शाल दुसऱ्या कोणाला मिळाली, तशी चक्करही गेली. मी लिंबूपाणी घेऊन खोलीत गेले तर त्या टुणकन उठून बसल्या आणि त्यांनी दाराला कडी घातली.

“तुले एक सांगते. कोनाले सांगशीन तर याद राख,” त्या म्हणाल्या. “मी दहावी नापास हाये.”

झालं होतं असं. मार्चमध्ये त्यांनी परीक्षा दिली, एप्रिलमध्ये हे स्थळ आलं. वकिलांच्या घरची अट होती, मुलगी दहावी पास पाहिजे. त्यांचे वडील छातीवर हात ठेवून म्हणाले, “पास झालीच समजा.” मे महिन्यात लग्न लागलं आणि जूनमध्ये निकाल लागला. गणितात गचकल्या. भाऊ गुणपत्रिका घेऊन अकोल्याला आला, बहिणीच्या हातात दिली आणि चहासुद्धा न घेता पळाला. सासूबाईंनी ती चुलीत घातली आणि तिच्यावर वरण शिजवलं. तेव्हापासून त्रेचाळीस वर्षं त्या दहावी पास होत्या.

“आता मले खरंच पास व्हायचं हाये,” त्या म्हणाल्या. “यायचं, तुह्या मामाजीचं, बोलनं खरं करायचं हाये. बाकीचे विषय मी वाचून घेईन. गनित तू शिकव. मास्तरची पोरगी हायेस तू.”

त्याच क्षणी मला माझे छत्तीस सांगता आले असते. पण त्यांच्या डोळ्यात पाणी होतं, आणि खरं सांगायचं तर माझी कीर्तीही मला जपायची होती. मी म्हणाले, “त्यात काय एवढं!”

शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म मी मोबाइलवर भरला. केंद्र मुद्दाम तेल्हाऱ्याचं घेतलं, म्हणजे परीक्षेच्या वेळी माहेरी जाते म्हणून जाता येईल. पुस्तकं आणली. प्रश्न होता अभ्यास करायचा कुठे. मामाजी दिवसभर घरात, आणि बायकांच्या हातात पुस्तक दिसलं की कोणतं, कोणाचं, किती पानांचं, सगळं विचारणार. त्यावर सासूबाईंनीच तोडगा काढला. देवघरात पोथीचं लाल फडकं होतं. त्यातली पोथी त्यांनी नमस्कार करून कपाटात ठेवली आणि फडक्यात बीजगणित बांधलं. रोज दुपारी दोन ते तीन सासू-सुनेचं पारायण सुरू झालं.

मामाजी दुपारी कानातलं यंत्र काढून आरामखुर्चीत पडायचे. त्यांना शब्द कळत नसत, पण चाल कळायची. आणि सासूबाईंना चालीशिवाय काही पाठच होत नसे. त्या मांडी घालून, डोळे मिटून, डुलत म्हणायच्या, “अ अधिक ब, कंसाचा वर्ग, बरोबर अ वर्ग, अधिक दोन अ ब, अधिक ब वर्ग.” बाहेर मामाजी बसल्या जागी हात जोडायचे. तीन वाजता त्यांना प्रसाद लागायचा. तो नसला तर पारायण कसलं? म्हणून मी रोज साखर-फुटाण्याची वाटी भरून ठेवू लागले. बीजगणिताचा नैवेद्य असा तीन-चार महिने चालला.

आठ दिवसांत शेजारच्या काकूंना वास लागला. त्याही येऊन बसल्या. सासूबाई जरा गांगरल्या, मग त्यांनी ठेक्यात पान वाचायला सुरुवात केली. “कोणत्याही दोन परिमेय संख्यांच्या मधे, असंख्य परिमेय संख्या असतात.” काकूंनी डोळे मिटले. “किती खरं हाये वं,” म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले. परिमेय संख्या म्हणजे आपले साधे अपूर्णांक, अंश वर आणि छेद खाली. पाव, पाऊण, दीड हे सगळे त्यातलेच. पण काकूंना त्यात काय दिसलं ते देव जाणे. नंतर त्या रोज यायला लागल्या आणि प्रसाद दुप्पट करावा लागला.

खरी अडचण मात्र वेगळीच होती. पहिल्याच दिवशी मी गणित वाचलं: एका संख्येच्या तीन चतुर्थांशातून पाच वजा केले तर दहा उरतात, तर ती संख्या कोणती? मी वही उघडतेय तोवर सासूबाई म्हणाल्या, “वीस.”

“कसं काय?”

“पाऊन वीस पंधरा. त्यातले पाच काढ. उरले दहा. झालं.”

त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे जुने पाढे पाठ करून घेतले होते. सासूबाईंचं उत्तर जिभेवर तयार असायचं. मी एक्स धरून, लसावि काढून, बाजू बदलून, दीड पान खरडल्यावर त्याच विसावर पोचायचे, तेही नशीब चांगलं असलं तर. नसलं तर मी छप्पन्न छेद सत्तावीस असल्या कुठल्या तरी आडगावी उतरायचे. मग स्वयंपाकघरात जाऊन मी गुपचूप वहीचा फोटो काढून वडिलांना अमरावतीला पाठवायचे. त्यांना वाटलं, मुलीला या वयात गणिताची गोडी लागली. त्यांचं उत्तर यायचं, “कंचेभागुबेव विसरलीस.” म्हणजे आधी कंस, मग ‘विसाचे पाऊण’ यातलं ‘चे’, मग भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी, हा क्रम. शाळेत असताना याच शब्दावरून त्यांनी माझा कान पिळला होता. आता शेवटी एक हसरा चेहराही असायचा.

पण बोर्डाला उत्तर नको असतं, पायऱ्या हव्या असतात. चार मार्कांच्या गणितात नुसतं ‘वीस’ लिहिलं तर मिळून मिळून एक मार्क. मी हे सांगितलं की सासूबाई भडकायच्या.

“उत्तर बरोबर हाये ना? मंग?”

“तरी दाखवावं लागतं आई. आधी लिहायचं, समजा ती संख्या एक्स.”

“काहून समजा? मले माहीत हाये ते वीस हाये. माहीत असून समजा म्हनाचं?”

दोन महिने आमची गाडी या ‘समजा’वर अडून राहिली. मी समजावलं, चिडले, एकदा वही आपटली. त्या वीस लिहायच्या आणि पेन खाली ठेवायच्या. एक दिवस मी वैतागून म्हणाले, “तुम्हाला पास व्हायचंच नाही!” तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “माह्या बापानं म्हनलं होतं, पास झालीच समजा. त्या एका समजानं मले त्रेचाळीस वर्षं मान वर करू देल्ली नाई. मी नाई लिहित तो शब्द.”

मला माझीच लाज वाटली. मग माझ्याही तोंडून निघून गेलं, “आई, मला छत्तीस मार्क होते. गणितात.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. रडतील, रागावतील, काय करतील कळेना. त्या एवढ्या हसल्या की बाहेरून मामाजींनी विचारलं, आज कोणता अध्याय आहे म्हणून.

ऋण संख्यांचंही तसंच. शून्याच्या खाली काही असतं हेच त्यांना मान्य नव्हतं. “उने तीन वांगे दाखव मले,” म्हणायच्या. मी काय दाखवणार! मला अधिक तीन वांग्यांचीही भाजी धड जमत नाही.

तोवर मामाजींनी आमच्यावर नवीनच संकट आणलं. एवढं मोठं पारायण चाललंय, त्याची समाप्ती नको का करायला? आमच्या वऱ्हाडात समाप्ती म्हटलं की रोडगे. गव्हाच्या जाड कणकेचे घड्या घातलेले गोळे, शेतात गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, फोडून त्यात तूप ओतायचं, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. मामाजींनी आम्हाला न विचारता तारीख ठरवली, शेत ठरवलं, स्वयंपाकाला एक महाराज ठरवले आणि सेहेचाळीस माणसांना आमंत्रण दिलं. बीजगणिताच्या नावाने सेहेचाळीस माणसं जेवणार होती, आणि परीक्षा महिन्यावर आली होती. सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या. “एक खोटं झाकाले दुसरं, दुसरं झाकाले रोडगे,” त्या म्हणाल्या.

रोडगे किती लागतील? मला वाटलं, इथे तरी आपण कामाला येऊ. मी समीकरण मांडलं. पुरुष इतके, बायका इतक्या, पुरुष बाईपेक्षा एक जास्त खातो, एका किलोत सहा रोडगे. दोन पानं भरली. उत्तर आलं उणे सतरा.

सासूबाईंनी वही डोळ्यांजवळ नेली. “उने सतरा रोडगे म्हंजे काय वं?”

मी थकून म्हणाले, “म्हणजे पाहुण्यांनी घरून सतरा रोडगे करून आणायचे आणि आपल्याला द्यायचे.”

त्या एकदम सावरून बसल्या. “असं हाये काय ते! मंग आधीच असं सांगाचं ना!” एका चुकलेल्या चिन्हाने त्यांना ऋण संख्या कळली. माझी चूक कुठे झाली ते मी नंतर शोधलं नाही, कारण तिने माझ्यापेक्षा चांगलं शिकवलं होतं. कणीक मात्र त्यांनी स्वतःच्या अंदाजाने दळून आणली, साडेपंधरा किलो.

शेतात महाराजांनी पोतं उचलून बघितलं आणि मान हलवली. “पुरत नाई, वकीलीनबाई. पंचवीस किलो पायजे.”

“पुरते,” सासूबाई म्हणाल्या.

“कशावरून?”

“पुरते म्हनते ना मी.”

“तुमी म्हनून काय होते? उद्या लोक मले बोलतीन. कशावरून पुरते ते सांगा.”

मामाजी, पाहुणे, काकू, सगळे बघायला लागले. सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, तुरीची एक काडी उचलली आणि खाली बसून मोकळ्या काळ्या मातीवर लिहायला लागल्या. “हे पाहा महाराज. किलोले सहा रोडगे. साडेपंधरा किलोचे झाले त्र्यान्नव. मानसं चोवीस, बाया बावीस. मानूस बाईच्या वरतं एक खाते, बरोबर? आता समजा, एका बाईले एक्स रोडगे.”

मी श्वास धरला. त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

“मंग मानसाले एक्स अन वर एक. चोवीस मानसायचे चोवीस एक्स अन चोवीस. बायायचे बावीस एक्स. सारे मिळून सेहेचाळीस एक्स अधिक चोवीस बरोबर त्र्यान्नव. चोवीस तिकडं नेले, राहिले एकोनसत्तर. सेहेचाळीस एक्स एकोनसत्तर, म्हंजे एक्स दीड. बाईले दीड, मानसाले अडीच. याच्या वरतं कोनी खाते काय, तुमीच सांगा.”

महाराजांनी एकदा स्वतःशी बोटं मोजली. “बरोबर हाये,” म्हणाले. “पुरते.” आणि त्यांनी पोतं सोडलं.

सासूबाई काडी हातात घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. “मले वाटे पायऱ्या म्हंजे उगाच लांबन लावनं. अवं, ज्याचा आपल्यावर भरोसा नाई, त्याले पटवाले असतात त्या.” इतकी सोपी गोष्ट मला माझ्या मास्तर वडिलांनीही कधी सांगितली नव्हती. किंवा सांगितली असेल, माझं लक्ष नसेल.

समीकरण तंतोतंत बसलं असतं, पण मामाजींनी चार रोडगे खाल्ले. त्यांचे वरचे दीड, म्हणजे बरोबर माझ्या वाट्याचे दीड. मी त्या दिवशी वरण आणि वांग्याची भाजी वाटीने प्यायले.

मार्चमध्ये सासूबाई माहेरी गेल्या. मामाजी कुरकुरले, “या वयात तीन आठवडे माहेर?” गणिताच्या पेपरला मी तेल्हाऱ्याच्या एसटीने मुद्दाम गेले. शाळेच्या फाटकात पोरापोरींच्या घोळक्यात नऊवारी नेसलेल्या सासूबाई उभ्या होत्या, हातात पारदर्शक पाउच, त्यात दोन पेनं आणि पट्टी. दोन तासांनी त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “प्रत्येक गनितात समजा लिवलं. जिथं गरज नव्हती तिथंबी लिवलं.”

मे महिन्यात दुपारी एक वाजता निकाल लागला. स्वयंपाकघरात ओट्याशी आम्ही दोघी मोबाइलवर वाकलो होतो. पान उघडेना, मग उघडलं. गणित, एकेचाळीस. खाली लिहिलेलं, उत्तीर्ण. सासूबाईंनी मला मिठी मारली आणि माझ्या खांद्यावर रडल्या. मीही रडले. मग त्यांनी मला पिटाळून अर्धा किलो पेढे मागवले. डबा हातात घेतला आणि तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं, की हे पेढे कशाचे म्हणून सांगायचे? जगाच्या लेखी त्या केव्हाच्याच पास होत्या. नापास सांगता येत नव्हतं ते आम्ही सोसलं होतं. पण पास झालेलं सांगता येऊ नये, हे फार झालं.

“जाऊ दे,” त्या म्हणाल्या. “खरं झालं ना, बस्स झालं.” आणि डबा कपाटात ठेवायला निघाल्या. तेवढ्यात मामाजी पाणी प्यायला आले.

“पेढे कशाचे?”

सासूबाईंनी डब्याचं झाकण घट्ट धरलं होतं. मग त्या म्हणाल्या, “मी दहावी पास झाली.”

“ते मला त्रेचाळीस वर्षांपासून माहीत आहे.”

“नाई. आज एक वाजता झाली.”

मामाजींनी खिशातून यंत्र काढून कानात घातलं. “पुन्हा सांग,” म्हणाले. सासूबाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं, परीक्षा, लग्न, भाऊ, चूल, सगळं, क्रमाने, एकही गोष्ट न गाळता. मी ओट्याला पाठ लावून उभी होते. आता हा माणूस काय बोलतो याची मला भीती वाटत होती, कारण त्याच्या एका शब्दावर त्या एकेचाळीस मार्कांची माती झाली असती.

“त्रेचाळीस वर्षं,” मामाजी म्हणाले. “मला कधीच सांगितलं नाहीस?”

“तुमी इचारलं नाई.”

“विचारलं असतं तर?”

“तर बी सांगतलं नसतं.”

मामाजींनी कानातलं यंत्र नीट बसवलं. मग म्हणाले, “अट माझ्या बापाची होती. मी तर मुलगी बघायला आलो होतो, आणि मुलगी बघून गेलो होतो. गुणपत्रिका मागितली होती का मी?”

मामाजींनी सासूबाईंच्या हातातून डबा घेतला, चपला घातल्या आणि सरळ फाटकाशी जाऊन उभे राहिले. समोर काकू वाळवण घालत होत्या. संपूर्ण गल्लीला ऐकू जाईल अशा, कोर्टातल्या आवाजात ते म्हणाले, “पेढे घ्या! आमची ही दहावी पास झाली!”

“ह्या वयात?” काकू चक्रावल्या. “मंग ते पहिलेचं काय होतं?”

“पहिले नापास होती. आता पास झाली. आज, एक वाजता.”

“अवं माय!” सासूबाई दारातूनच ओरडल्या. “काहून सांगून राहिले हो साऱ्या गल्लीले!” त्यांनी पदर तोंडाला लावला होता, पण या वेळी त्या वळून स्वयंपाकघरात गेल्या नाहीत. मामाजी पुढच्या घरी पोचेपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या.